मागचा बाक

तीन रांगांची गाडी घ्यायची ती माझ्यासाठी, असं घरात सगळे म्हणत. दोनदा दिवस राहून माझा गर्भ पडला होता. तिसऱ्या खेपेला सहावा महिना लागला आणि नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बसचे धक्के बंद करायला सांगितलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंचेरियलचा एक ठेकेदार आपली वापरलेली जीप घेऊन मुधोळला आमच्या दारात आला. सासरे, दोन चुलत सासरे आणि भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, तिच्याभोवती फिरू लागले. कोणी चाकाला लाथ मारली, कोणी बॉनेटमध्ये डोकं घातलं. भासऱ्यांचा हात हॉर्नवरून निघेना.

"चालवून पाहा, अन् तिलाबी घ्या," सासूबाई म्हणाल्या. "जिच्यासाठी घेऊन राह्यलो तिला नाई बसवाचं काय?"

बसवलं. भासरे चालवायला, शेजारी सासरे. मधल्या बाकावर सासूबाई आणि दोघे चुलत सासरे. सासऱ्यांच्या बाकावर सुनेनं बसायचं नसतं, म्हणून मी पार मागे, आडव्या बाकावर, स्टेपनीला टेकून. नवरा बँकेत होता. असता तरी त्यानं काय दिवे लावले असते कोण जाणे.

बासरच्या रस्त्याला लागलो. पुढे गाडी डुलायची, मागे आपटायची. पहिल्या खड्ड्यात मी बाकावरून उचलली गेले. दुसऱ्यात कमरेतून कळ निघाली, आणि ती कळ माझ्या ओळखीची होती. मी पुरती घाबरले. "आत्याबाई!" सासूबाईंना दोनदा हाक मारली. मधल्या बाकावर इंजिनाचं कौतुक चाललं होतं, कोणाला ऐकू जाईल तर शपथ.

भासऱ्यांशी मी चार वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे धाकटी सून मोठ्या दिराशी बोलत नाही. काही सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडून. पुढे मोरीपाशी रस्ता खचलेला दिसला. म्हटलं, चुलीत गेली ती रीत.

"भाऊजी, गाडी थांबवा!"

करकचून ब्रेक लागला. सगळ्या माना वळल्या, सासऱ्यांची तेवढी वळली नाही. भासरे उतरून मागे आले, दार उघडून माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईजवळ जाऊन बस. इथं मी बसतो."

परतताना एका चुलत सासऱ्यांनी गाडी हाकली. दारात भासरे कंबर धरून उतरले.

"कैसी लगी?" ठेकेदारानं विचारलं.

"नहीं लेना."

सासरे भडकले. "काऊन? इंजिन तं बेस हाय!"

"मांगं बसून पाहा, बाबा."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. न्हाणीघरात शिरून कडी लावली आणि परकर पाहिला. रक्ताचा डाग नव्हता. पुन्हा पाहिला. मग भिंतीला धरून मी खाली बसले आणि मला रडू आवरेना.

सासूबाई दार वाजवू लागल्या. "काय झालं, बाई? सांग ना, काय झालं?"

"काई नाई झालं, आत्याबाई," मी रडत म्हणाले. "काईच नाई झालं."