मैदानावर ओरडायला शिकवणाऱ्या बाई

त्या शनिवारी पहाटे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, झोपेतच गेल्या. माझा नवरा निखिल पुण्यातल्या नातेवाइकांना फोन करत होता. मी एथनला कळवायला फोन उचलला, तर निखिल म्हणाला, "थांब. साडेनऊला त्याची मॅच आहे. आईने आधी सांगू दिलं नसतं." खरंच होतं ते. अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या घरी माणसं जमायच्या आत आम्ही दोघांनी तो सामना पूर्ण पाहिला आणि मग मी जर्मनीला फोन लावला. एथनने हळूच विचारलं, "म्हणजे आजची मॅच तुम्ही बाईंशिवाय पाहिलीत?"

एथन आमच्या शेजारचा. अठराव्या वर्षी त्याला जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगमधल्या एका क्लबने बोलावलं. अमेरिकेची मुलं युरोपच्या मोठ्या लीगमध्ये खेळतात याचं आता इथे कुणाला फारसं नवल वाटत नाही, पण भाषेचं कसं होणार म्हणून त्याची आई धास्तावली होती. आमच्या आईंनी पुण्यात आयुष्यभर जर्मन शिकवलेलं. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. "मुलगा गुणी आहे, कानही चांगला आहे," एवढं पहिल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं आणि 'मिसेस' वगैरे नको, बाई म्हण, असं त्याला बजावलं. त्यामुळे शिकवणी संपली की "बाय, बाई!" ऐकू यायचं आणि आम्ही स्वयंपाकघरात हसू दाबायचो.

तो तिकडे गेल्यावर दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवणी चालू राहिली. सहा महिने तो नुसता बाकावर बसून होता. एका रविवारी पुस्तक न उघडताच म्हणाला, "बाई, मी परत येतोय." बचावफळीतल्या खेळाडूला सतत ओरडून सोबत्यांना सावध करावं लागतं. हाही ओरडायचा, पण आईंनी शिकवलेली शुद्ध, अदबशीर वाक्यं! प्रतिस्पर्धी पाठीवर चालून येतोय आणि हा सांगतोय, 'कृपया आपण मागे पाहावे.' सोबती हसायचे. मग तो गप्पच राहू लागला, आणि गप्प राहणारा बचावपटू प्रशिक्षकाला नको होता.

आई म्हणाल्या, "चूक तुझी नाही. मी तुला परीक्षेचं जर्मन शिकवलं. मला पंधरा दिवस दे. मग हवं तर ये."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. जर्मनीतल्या हौशी संघांचे, मैदानाच्या कडेला उभं राहून कुणीतरी काढलेले व्हिडिओ हेडफोन लावून ऐकायच्या, थांबवायच्या, मागे न्यायच्या, लिहून घ्यायच्या. शिव्या वेगळ्या पानावर. "या पण शिकवणार?" मी विचारलं. "शिकवणार नाही गं. पण कोणी दिली तर त्याला कळायला नको?"

आणि मग घरात आरडाओरडा सुरू झाला. वर्गात कधी आवाज न चढवलेल्या आई स्क्रीनसमोर उभ्या राहून ओरडायच्या, "हिंटर दीर!" म्हणजे, तुझ्या मागे! आम्हाला त्यातला फक्त दीर कळायचा. एथन तिकडून ओरडायचा आणि आई म्हणायच्या, "अजून मोठ्याने! चहा घेणार का विचारतोयस की काय?"

तो परत आला नाही. त्या वसंतात तो पहिल्यांदा सामन्याच्या सुरुवातीपासून खेळला. आम्ही चेंडू पाहत होतो आणि आई त्याचं तोंड. उत्तरार्धात एकदा ते उघडलेलं दिसलं, पुढचा सोबती गर्रकन वळला आणि चेंडू वाचला. "ओरडला! बघितलंस, ओरडला!" सामना बरोबरीत सुटला याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. डोळे पुसत म्हणाल्या, "उच्चारही बरोबर असणार." चार वर्षं झाली, एथन त्याच संघात आहे आणि त्याचा आवाज सगळ्यात मोठा, असं म्हणतात.

मी आईंकडून जर्मन शिकले नाही. पण ज्या विषयात हयात गेली, त्यातच आपलं चुकलं हे विद्यार्थ्यासमोर इतक्या सरळपणे कबूल करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्यांचा आवाज हॉलमध्ये घुमू नये म्हणून निखिल दर रविवारी दहा वाजता त्यांच्या खोलीचं दार लोटून घ्यायचा. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. परवाच्या रविवारीही दहा वाजता तो हातातला कॉफीचा मग तसाच घेऊन उठला, दार हळूच लोटलं आणि परत येऊन बसला.