डिश आणि कुरडया

हैदराबाद, १९९३, मार्चमधला एक रविवार, सकाळ. हजर: अंबरपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी, त्यांचा धाकटा दीर आणि मध्यस्थ म्हणून मी. गैरहजर: वहिनींचे यजमान. धाकट्या भावाचं तोंड पाहायला नको म्हणून ते भाजी आणायला थेट लांब कोठीच्या बाजारात गेले होते. घराच्या वाटणीसाठी सोमवारी वकिलाकडे जायचं त्यांनी नक्की केलं होतं.

भांडण गच्चीवरून, म्हणून बैठकही गच्चीवरच. दिरानं नोकरी सोडून केबलचा धंदा काढला आणि वहिनी दर उन्हाळ्यात कुरडया घालतात, नेमकी तिथेच ही भली मोठी डिश आणून बसवली.

माझी पद्धत साधी. समोरच्याची तक्रार आधी आपल्या तोंडून सांगायची. तो 'बरोबर' म्हणाला की मग आपली मांडायची.

दिरानं सुरुवात केली. "कुरडयांवर सावली पडते."

"चूक," वहिनी म्हणाल्या.

"मग तारा पायात येतात."

"चूक."

"आता काय बी सांगा तुम्हीच. शाळा आहे का ही?"

"आहे. नापास झालात भावजी, पुन्हा बसा."

मी चहा ओतला. अर्धा कप संपल्यावर तो म्हणाला, "मी विचारलं नाही."

"बरोबर."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणाले असते. दोन दिवस. मग हो म्हणाले असते."

आता वहिनींची पाळी. "धंदा बसला तर सगळ्यात आधी मी हसेन, असं भावजींना वाटतं."

"बरोबर," दीर म्हणाला.

"हसणारच होते. पण जेवायलाही वाढलं असतं."

त्यानंतर काम भराभर झालं. डिश जिन्याच्या खोलीवर चढवायची, तारा कठड्याला बांधायच्या, पहिल्या कुरडया दिराला द्यायच्या. राहिला वकील. तो थांबवायचा तर यजमानांशी बोलायला हवं.

"तुम्ही सांगा ना, वहिनी."

"नक्को. भाऊ तुमचा. त्यांनाही तुम्ही विचारलं नव्हतं."

दिरानं माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा गोळा करायला घेतल्या.

तो उठला, जिन्याच्या तोंडाशी गेला. खाली फाटक वाजलं, भाजीच्या पिशव्या ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. दीर अजून जिन्याच्या तोंडाशीच उभा होता.