चार वाजता खाली बसायचं

आमच्या शर्टाच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलाला आम्ही आठजणी. कॉलर, काजं, बटणं बघायची, लोंबणारा दोरा कात्रीनं छाटायचा, शर्ट पुढे सरकवायचा. सगळं उभ्यानं. आमच्यातल्या एकीला आम्ही ‘कुलूपबाई’ म्हणायचो, कारण डब्याची पिशवीसुद्धा ती दोन गाठी मारून ठेवायची. अकरा वर्षं तिनं त्या टेबलाशी काढली होती. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बसून काम करा, नाहीतर जखमा होतील आणि त्या भरायच्या नाहीत. पण बसणार कशावर? स्टूल मागायला गेलं की साहेब म्हणायचे, “बसलं की झोप येते.”

पुढे तिनं एका नव्या ॲपचं वेड घेतलं, ते उगाच नाही. आमचा आधी एक ग्रुप होता, सगळ्यांच्या फोनात असतो तसाच. आमच्यातल्या काकूंनी त्यावर साहेबांच्या पोटाचा विनोद टाकला. मुकादमीणबाईंनी काकूंच्या हातातून फोन काढून घेतला आणि तो विनोद साहेबांसमोर मोठ्यानं वाचायला लावला. एकदा नाही, तीनदा. पन्नाशीची बाई, वाचताना आवाज फाटत होता. साहेब हसले, म्हणून आम्हीही हसलो.

कुलूपबाई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या मागेच लागली.

“हे घ्या गं फोनात. यातलं आपल्याशिवाय कोणाला दिसत नाही.”

“आमच्या ह्यांनाही नाही?”

“तुमच्या ह्यांना तर मुळीच नाही.”

काकूंच्या फोनात जागा नव्हती, नातवाचे फोटो होते. कुलूपबाईनं शेजारी बसून त्यातले हललेले फोटो एकेक करून काढले. एकजण तीनदा पिन विसरली. एक म्हणाली, “त्यात माझी नणंद नाही, मावशी नाही. रिकाम्या घरात जाऊन गप्पा कोणाशी मारू?” पंधरा दिवस जेवायची सुट्टी तिनं आमच्या फोनांवर घालवली. शेवटी सगळ्या आल्या, पटलं म्हणून नाही, कटकटीला कंटाळून. मीही त्यातलीच.

ग्रुपला तिनं एक तासाची मुदत लावली. लिहिलेलं तासाभरात आठही फोनांतून आपोआप पुसलं जायचं. “आता फोन हिसकावू देत,” ती म्हणाली, “हाती काही लागायचं नाही.” आणि खरंच आमच्या जिभा सुटल्या. समोर ‘हो बाई, हो बाई’ करणाऱ्या आम्ही तिथं वाघिणी झालो. साहेबांचं पोट, मुकादमीणबाईंची शेपटासारखी वेणी, काहीच सोडलं नाही. कोणी बघत नाही म्हटलं की माणूस काहीही बोलतो. वरचा बघतो, हे मला तेव्हा आठवलं नाही.

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मुकादमीणबाई आमच्यातच येऊन बसल्या होत्या, म्हणून बोलणं बोटांनीच चाललं. कुलूपबाईनं लिहिलं, “आज चार वाजता सगळ्यांनी खाली बसायचं. स्टूल मिळेपर्यंत उठायचं नाही. आठजणींना एकदम कोण काढतंय?”

काकूंनी सगळ्यांत आधी लिहिलं, “बसते. मांडी घालून बसते.” मी लिहिलं, “मी तुझ्या शेजारीच.” सातही उत्तरं आली.

चारला तिनं हातातला शर्ट ठेवला आणि फरशीवर बसली.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी बटणाकडे बघितलं. बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या. जी ती दुसरीची वाट बघत होती, तेवढ्यात मुकादमीणबाई आल्या. मी पुढचा शर्ट ओढला. तिला खालून आमचे चौदा पाय दिसत असतील.

साहेब आले. “काय गं, चक्कर आली?”

“नाही साहेब. आम्हाला स्टुलं पाहिजेत.”

“आम्हाला म्हणजे कोणाला?”

“सगळ्यांना. सगळ्यांनी लिहून दिलंय.” तिनं फोन पुढे केला.

फोनात काही नव्हतं. दीडचं बोलणं अडीचलाच गेलं होतं. एकच ओळ उरली होती, ॲपनं स्वतः लिहिलेली. साहेबांनी ती सावकाश वाचली, “मेसेज पुसण्याची मुदत तुम्ही एक तास ठेवली आहे.”

“काकू, तुम्ही सांगा ना. तुम्ही लिहिलं होतंत.”

“मला बाई ते नवीन काही वापरता येत नाही,” काकू म्हणाल्या. “हिनंच घालून दिलं होतं.”

मग तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी म्हणाले, “माझा फोन सकाळपासून बंद आहे.”

“हिला बसायचंय ना?” साहेब मुकादमीणबाईंना म्हणाले. “मग घरीच बसू दे.”

उठताना तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. टेबलाची कड धरून ती दोन प्रयत्नांत उठली. हात कोणी दिला नाही.

महिन्याभरानं त्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. “पायाला जखम झाली आहे. कोणाच्या ओळखीत बसून करायचं काम असेल तर सांगा गं. काहीही चालेल.” सातजणींनी वाचल्याची खूण दिसत होती. मीही वाचला. पहिली कोण लिहिते ते बघू म्हटलं. तासाभरानं तो गेला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत काकूंनी आपल्या फोनातून ते ॲप काढलं. मग बाकीच्यांचे फोन मागून घेतले आणि त्यांचंही काढून दिलं. भराभर बोटं चालत होती. मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला.