लाळेचं फडकं

आमच्या गावात जनावरांची लाळ-खुरकत कोणी आणली, मी की नानांनी घोटीहून आणलेल्या बैलानं, हा प्रश्न मी सात वर्षं उशाला घेऊन झोपले. नाना म्हणजे माझे वडील. निफाडच्या अलीकडे आमचं गाव, थोडा ऊस, थोडा गहू आणि दावणीला चार जनावरं. हे सांगताना मला आजही स्वतःचा राग येतो, त्यामुळे कुठे तिरकं बोलले तर समजून घ्या.

आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळी. मी नाशकात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सायन्सला होते, म्हणजे शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. सुटीत दहा दिवस सिन्नरजवळ मामांकडे राहिले. तिथे पोचले तेव्हा त्यांच्या एका बैलाला लाळ-खुरकत झालेली. तोंडातून तार लोंबतेय, जिभेला फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. मामांनी काय करावं? जुन्या धोतराचं फडकं घेतलं, त्या बैलाच्या तोंडात फिरवून लाळेनं भिजवलं आणि गोठ्यातल्या बाकी सगळ्या जनावरांच्या तोंडात चोळलं. मी विचारलं तर म्हणाले, "एकदमच होऊन जाऊ दे. एकामागं एक बसली तर महिनाभर हातातलं काम सुटतं." तिकडे सगळेच असं करायचे. आणि खरंच, मामांची गावठी जनावरं चार-पाच दिवस लाळ गाळून उठली. खुरांना तुरटीचं पाणी, तोंडाला मध, बस.

मला ते फार हुशारीचं वाटलं. लस टोचतात ती तरी दुसरं काय असते, असं मनातल्या मनात म्हटलं. निघायच्या दिवशी एकच बैल लाळ गाळत होता. मी मामांना विचारलं, "आमच्याकडे नेऊ का?" ते म्हणाले, "ने की. नानांच्या गव्हाच्या पेरणीआधी उरकून घ्या." मग मी फडकं भिजवलं, एरंडाच्या पानात गुंडाळलं, डबीत घातलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. नाशकाला गाडी बदलली तेव्हा डबी हातातून खाली ठेवली नाही, इतकी काळजी.

दुपारी घरी पोचले. आई शेतात होती आणि नाना बैल आणायला घोटीच्या बाजाराला गेले होते, आमचा एक बैल म्हातारा झाला होता म्हणून. गोठ्यात कोणी नाही. मी गाईच्या तोंडात फडकं फिरवलं, मग दोन्ही बैलांच्या, आणि हात धुऊन चहा केला. संध्याकाळी नाना नवा बैल घेऊन आले. पांढराशुभ्र, चार वर्षांचा, कपाळावर तांबूस ठिपका. नाना इतके खुशीत होते की म्हटलं, उद्या सांगू.

तिसऱ्या दिवशी गाय लाळ गाळू लागली. बैल नंतर. नवा बैल सगळ्यात शेवटी. हा क्रम फक्त माझ्या लक्षात होता, कारण मी मोजत होते. पण घोटीकडे रोगाची साथ असल्याची बातमी त्याच आठवड्यात आली आणि नानांनी कपाळावर हात मारला. "त्या माणसानं रोगट जनावर गळ्यात मारलं माझ्या." मी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच केलं मी. पुढचं सगळं त्यातून झालं.

आठवड्याभरात रोग आमच्या गोठ्यातून गावभर पसरला. मामांकडे सगळी गावठी जनावरं होती. आमच्या गावात तेव्हा नव्यानं संकरित गायी आल्या होत्या, दुधाच्या आशेनं लोकांनी घेतलेल्या. त्यांना हा रोग झेपला नाही. थानं सुजली, दूध आटलं. आणि वासरं, ती तर लाळसुद्धा गाळायची नाहीत. आईच्या कासेला तोंड लावलेलं असायचं आणि तशीच खाली बसायची ती उठायची नाहीत. आमच्या शेजारणीची गाय मेलेल्या वासराला दोन दिवस चाटत होती. जीभ फोडांनी सोललेली, तरी चाटत होती. लाळ-खुरकत झालेली गाय ओठांचा एक मचमच आवाज करते. तो आवाज मी नाशकात परत आल्यावर होस्टेलच्या खोलीत ऐकला, भर दुपारी, मैत्रिणी गप्पा मारत असताना. पुढे कित्येक वर्षं ऐकला. कोणी शेजारी भाकरी चावत असलं तरी मी ताट घेऊन उठायचे.

गाव नानांवर उलटलं. नाना बैल विकणाऱ्यावर उलटले. गावातली चार माणसं बरोबर घेऊन ते घोटीला गेले, तो माणूस बाजारात भात विकत बसला होता, तिथं त्याला उभा केला आणि सगळ्यांदेखत त्याची टोपी काढून धुळीत फेकली. "हा रोगट जनावरं विकतो, याच्याशी कोणी व्यवहार करू नका," असं ओरडून सांगितलं. घरी येऊन नानांनी हे जेवताना सांगितलं. मी म्हटलं, "नाना, त्याला कदाचित माहीत नसेल." त्यावर ते म्हणाले, "माहीत नसायला काय झालं? घरचं जनावर हाय त्याच्या." मग गावानं सांगितलं की ते जनावर गावात नको. तोवर बैल बरासुद्धा झाला होता. नानांनी त्याला गूळ चारला आणि कसायाच्या ट्रकवर चढवला. मी दारात उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

का नाही बोललीस, असं मला कोणी विचारलं नाही, पण मी रोज विचारते. खरं कारण असं की मलाही वाटायचं, बैलानंच आणला असेल. घोटीकडे साथ होतीच की. बैलाच्या अंगात रोग दिसण्याआधी असू शकतो, हे तर मी पुस्तकात वाचलं होतं. सायन्सचा उपयोग मी तेवढ्यासाठी केला.

पदवी झाल्यावर नाशकातल्याच जनावरांच्या रोगांच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मला सहायकाची नोकरी मिळाली. बाटल्या धुणं, लेबलं लावणं, नमुने बर्फात भरून पुढे पाठवणं. तिथल्या जुन्या रजिस्टरात मला एक दिवस आमच्या गावाचं नाव दिसलं. त्या साथीत आमच्या गाईच्या जिभेवरच्या फोडाचं साल डॉक्टरांनी नेलं होतं, ते मी विसरूनच गेले होते. पुढच्याच पानावर सिन्नरकडचा नमुना, मामांच्या शेजारच्या मळ्यातला. आणि घोटीचा. तिन्ही बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले होते आणि तिथल्या थंड पेटीत पडून होते. मी रजिस्टर मिटलं आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

साथीला सात वर्षं झाली तेव्हा त्या मोठ्या प्रयोगशाळेतून एक डॉक्टर आले. त्यांचं काम नवीनच होतं. रोग कुठून कुठे गेला हे माणसांना न विचारता विषाणूलाच विचारायचं. माणसं खोटं बोलतात किंवा विसरतात, असं ते हसत म्हणाले. मी हसले नाही. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. विषाणू जनावराच्या अंगात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. घाईत नकलेत चुका होतात. चुकलेल्या नकलेची पुढची नक्कल निघते तेव्हा जुनी चूक तशीच राहते आणि वर नवी पडते. दोन गावांतल्या विषाणूंत त्याच त्या चुका सापडल्या तर ते एकाच घरातले. आमचे शाळेतले मास्तर कॉपी अशीच पकडायचे. बरोबर उत्तर कोणाचंही सारखं येतं, म्हणायचे, चूक सारखी आली की समजायचं वही कोणाची पाहिली.

डॉक्टरांनी एक्स-रेसारख्या तीन फिल्मा खिडकीच्या काचेला लावल्या. प्रत्येकीवर काळे ठिपके, दाट, वरून खाली विखुरलेले. घोटीची वेगळी होती, मला शिकवायलाही लागलं नाही, ठिपके भलतीकडेच होते. मग त्यांनी सिन्नरची फिल्म आमच्या गावाच्या फिल्मेवर ठेवली. ठिपक्यावर ठिपका बसला. एक ठिपका तेवढा सरकलेला. "आई आणि लेक म्हणा," ते म्हणाले.

मी फिल्म उचलून परत ठेवली. ठिपके तिथेच बसले.

"मला एक कळत नाही," ते म्हणाले. "सिन्नर आणि हे गाव, मधे एकाही गावात त्या आठवड्यात रोग नाही. कोणीतरी उचलून नेऊन ठेवल्यासारखं. तुम्ही त्या भागातल्या ना? काही आठवतं?"

आता तरी बोलायचं. पण नाही. "कोणीतरी जनावर नेलं असेल," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि फिल्मा पाकिटात घातल्या. सात वर्षांनी, तीच मी, तेच तोंड. माझी मलाच किळस आली.

त्या रविवारी मी गावी गेले. नाना ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्या साथीनंतर त्यांनी बैल विकत घेतला नव्हता, औत भाड्यानं आणायचे. गावातल्या कोणाचं वासरू आजारी पडलं तरी ते घराबाहेर पडत नसत. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, फडक्यापासून फिल्मेपर्यंत. मला वाटलं होतं मारतील, निदान शिव्या तरी घालतील. ते शेंगा फोडतच राहिले. मग म्हणाले, "त्या ठिपक्यांत काय चूक नाय ना?"

"नाही नाना."

"मग मी त्या माणसाची टोपी कशाला काढली?" ते उठले, सदरा घातला. "चल. घोटीला जायचं."

घोटीच्या पलीकडे भाताच्या खाचरांमधून चालत गेलो. भात कापून झाला होता. विचारत विचारत घर सापडलं. तो माणूस अंगणात खाटेवर होता, म्हातारा झालेला, डोळ्यांत फूल पडलेलं. त्यानं नानांना आवाजावरून ओळखलं आणि हात आपोआप डोक्याकडे नेला, टोपीवर. ते पाहून नाना तिथंच मातीत बसले.

"रोग तुमच्या बैलानं आणला नव्हता," नाना म्हणाले. "चूक माझी झाली. माफी मागायला आलोय."

म्हातारा खाटेवर सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "परत सांगा." नानांनी परत सांगितलं. त्यानं सुनेला हाक मारली, ती भांडी टाकून आली, तेव्हा म्हणाला, "आता हिच्यासमोर सांगा." नानांनी तिसऱ्यांदा सांगितलं. सून आमच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "त्या सालापासून बाबांनी बाजाराचं तोंड नाय पाहिलं. आमच्याकडनं कोणी कोंबडीसुद्धा इकत घेईना. मग आणला कोणी रोग?"

नाना मातीकडे बघत होते. ते माझं नाव घेणार नव्हते, मरेपर्यंत नाही, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"मी आणला," मी म्हटलं. आणि सांगितलं.

सुनेनं पदर तोंडाला लावला. म्हातारा मात्र माझ्याकडे वळला नाही, त्यानं माझं ऐकलं की नाही कोण जाणे. त्याचं तोंड उजळलं होतं. आपल्या हातानं वाढवलेलं जनावर धड होतं, एवढ्यातच तो अडकला होता.

"मंजी माझा बैल निरोगी व्हता," तो नानांना म्हणाला. "मला वाटायचंच. लय गुणाचा व्हता तो. चार वर्साचा दिला मी तुमाला, आता अकराचा. अजून औताला चालत असंल न्हाई का?"

 नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. म्हातारा मान पुढे करून उत्तराची वाट बघत होता, हसत. मग मी उठले, त्याच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि आम्ही बैल कसायाला दिला हे त्याला सांगितलं.