करंड्यातले दोन साक्षीदार

या भूतलावर आजवर जेवढे साडू होऊन गेले आणि यापुढे होतील, त्या सर्वांत बायकोच्या कुंकवाच्या करंड्यात पालीची अंडी उबवणारे गृहस्थ माझे साडू हेच एकमेव होत, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. घनसावंगीच्या कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. निराधार विधान माझ्या लेखणीतून सहसा उतरत नाही.

साडूंची शेजारच्या खेड्यात पिठाची गिरणी आहे. पहिली मूठ मुंग्यांना, दुसरी चिमण्यांना आणि उरलेले पीठ गिऱ्हाइकाला, असा त्यांचा कारभार. विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधापलीकडे सोडतात आणि वर त्याला "जपून राह्य" असे बजावून येतात. मात्र या सर्वांहून त्यांचा जीव पालींवर. एकदा गिरणीच्या पट्ट्यावर पाल बसली, म्हणून त्यांनी बटनच दाबले नाही.

"ओ दादा, सैपाक कव्हा करावं आमी?" रांगेतली एक बाई कातावली.

"तिला उतरू द्या मावशी. घाई कायची?"

"मंग तिचंच दळण घ्या आधी! आमी बसतो इथंच!"

या प्रेमामागे कारण होते. बोलताना पाल चुकचुकली की बोललेले खरे ठरते, आणि आपण बोटाने टकटक करून "सत्य आहे" म्हणतो, हे सर्वांस विदित आहेच. साडूंनी या समजुतीवर अख्खा संसार उभा केला होता. म्हैस घ्यावी की विकावी, पाहुण्यांकडे आज जावे की उद्या, सर्व निकाल पालीच्या दरबारी. "माणसाची साक्ष फिरती, साडूभाऊ," ते मला म्हणत, "पालीची फिरलेली दाखवा." कचेरीच्या आवारातून दोन साक्षीदार चहा पाजून गोळा करणाऱ्या माझ्यासारख्याने यावर काय युक्तिवाद करावा?

पुढे दिवाळीच्या रंगरंगोटीत त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, जिला आम्ही आक्का म्हणतो, केरसुणी घेऊन झाडून साऱ्या पाली हद्दपार केल्या. घर मुके झाले. वांगे आणावे की दोडके, याचाही निर्णय साडूंना होईना. अशा हवालदिल अवस्थेत गिरणीच्या स्टार्टरच्या पेटीत त्यांना वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी आढळली. दुरुस्तीला आलेला माणूस ती पेचकसाने उडवणार, तोच साडूंनी त्याचा हात धरला. चमच्याने अलगद उचलून प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर त्यांनी पेन्सिलीचे टिंब दिले. कारण अंडे उलटे झाले तर आतले पिल्लू दगावते. बूड सपाट आणि झाकण घट्ट असे पात्र घरात एकच, आक्काच्या लग्नातला चांदीचा करंडा. त्यात गोदेची कोरडी वाळू, बाजूस ओल्या कापसाचा बोळा आणि जवळ पिवळा बल्ब. थंडीचे दिवस होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरल्या बायकांत आक्काने करंडा उघडला. त्यानंतर जे झाले त्याचे वर्णन शिष्टाचारास धरून होणार नाही. दिवेलागणीला आक्का पिशवीसह आमच्या दारात उभी होती. "पाव्हणे, त्या घरात एक तर ती अंडी ऱ्हातील, न्हाई तर मी. करंडा रिकामा झाल्याबिगर पाऊल ठेवायची न्हाई!" साडूंपुढे पेच पडला. अंडी टाकली तर दोन जीव जातात. ठेवली तर बत्तीस गुण जुळवून आणलेली बायको.

त्यातच त्यांच्या गावची डीपी जळाली. बल्ब विझला. अंडी गार पडू लागली. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, ही गोष्ट मी त्यांना वारंवार ऐकवलेली होती. ती त्यांना आठवली. भरगच्च जीपमध्ये करंडा दोन्ही तळहातांवर आडवा न होऊ देता ते बसले. शेजारच्या म्हातारीने तो पाहून विचारले, "कुणाचं लगीन म्हणायचं, बाबा?" आणि उत्तराची वाट न पाहता झाकण उघडून बोट घातले.

"ओ आजी! बोट काढा, बिलकुल हलवू नका, झोपलेत ते!"

म्हातारी पुढच्या फाट्यालाच उतरली.

इकडे आक्काने दारात नवरा आणि त्याच्या हाती आपला करंडा पाहिला. मनवायला आला, असे तिला वाटले. ती लाजली. पदर सावरून कपाळ पुढे केले. साडूंनी झाकण उघडले आणि म्हणाले, "इन्व्हर्टर कुठंय?"

आक्काने स्वयंपाकघराचे दार इतक्या जोरात लावले की आमचे कॅलेंडर पडले.

तरी करंडा इन्व्हर्टरजवळच्या उबेत राहिला. डीपी दुरुस्त झाली, पण अंड्यांना पुन्हा जीपचे धक्के नकोत म्हणून करंडा तिथेच ठेवून साडू गिरणीसाठी परत गेले. ते रोज येत, आक्का त्यांच्याशी बोलत नसे. मात्र एके दुपारी मी जेवायला आलो, तर आक्का माझ्या पत्नीवर ओरडत होती, "पंखा बंद कर आधी! गार लागून राह्यलं न्हाई का त्यायला?" कापूस ओला दिसत होता. मी काहीच पाहिले नाही, असे ठरवले.

होळीच्या सुमारास एका सकाळी तिने स्वतःच फोन लावला. "जल्दी या! एकाचं डोकं बाहेर आलंय!" साडू कुणाची तरी ज्वारी तशीच टाकून धावत आले. दोघे करंड्यावर डोक्याला डोके लावून बसले. एक आले. मग दुसरे. काडीएवढी, अर्धपारदर्शक, डोळे मात्र अंगाहून मोठे. साडूंनी बोट पुढे केले, तोच दोन्ही पिल्ले करंड्याबाहेर उडी मारून भिंतीवर चढली आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागे दिसेनाशी झाली.

साडूंचे बोट तसेच हवेत राहिले. "वळून पण पाह्यलं न्हाई," ते म्हणाले.

"लेकरं कव्हा पाहतात?" आक्का म्हणाली. त्यांचा मुलगा पुण्यास असतो. ती वाळू झटकून करंडा पदराने पुसत बसली. मग पिशवी उचलली. "चला. ज्वारी कुणाची टाकून आलात?"

ती दोघे गेली. पिल्ले आमच्याकडेच राहिली. आता रोज संध्याकाळी साडूंचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारण्याची त्यांना सवय नाही. "आहेत का?" एवढेच विचारतात. मागून आक्काचा आवाज येतो, "दोन्ही का, ते विचारा." मी ट्यूबलाइटकडे मान वर करून बराच वेळ पाहतो. कित्येक दिवसांत तिथे काही हललेले नाही.

"आहेत," मी म्हणतो, "दोन्ही आहेत."