एमिल हुदाकची उतावीळ शिट्टी

माझा नवरा एमिल आठवडाभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो आणि शनिवारी शाळकरी पोरांच्या फुटबॉलचा पंच होतो. आमचं अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून अंगावर जायचं. नदीकाठच्या या गावांत पोलादाचे कारखाने गेले, हे मात्र उरलंय. वीस वर्षं मी प्रेक्षकांत बसून एमिलच्या आईबापाचा उद्धार ऐकतेय. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. एकाच्या मांडीवर गरम कॉफी सांडलीय मी, आणि ती काही चुकून सांडली नव्हती.

एमिलचं एक पथ्य होतं. शिट्टी तोंडात धरायची नाही, बोटात अडकवायची. "तोंडात असली की वाजतेच गं," तो म्हणायचा. "हात तोंडापर्यंत येईतो खरं काय झालं ते दिसतं." कारण शिट्टी वाजली की डाव मेला, तिथल्या तिथे थांबला. चुकून वाजली तरी मेला. पंच मंडळींत याहून मोठी नाचक्की नाही.

त्या वर्षी पलीकडच्या गावात टेरॉन मॅडॉक्स क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅकनं खरं तर उभं राहून चेंडू फेकायचा, पण हा पोरगा पळायचाच जास्त. आणि काय पळायचा! उभं राहून फेकणाऱ्याला चेंडू सुटल्यावर नुसता धक्का लागला तरी पंचाचा पिवळा रुमाल पडतो, समोरच्यांना शिक्षा होते. टेरॉन मात्र खाली पडला, मैदानाच्या रेषेबाहेर गेला, म्हणजे डाव संपला, तरी पोरं त्याच्यावर येऊन आदळायची. एमिलच्या सामन्यांत असं तीनदा झालं. रुमाल एकदाही पडला नाही.

टेरॉनची आई व्हेल्मा आमच्या नेहमीच्या दुकानात मांसाच्या काउंटरवर असते. एकदा आमच्यासाठी हॅमचे पातळ काप करता करता तिनं यंत्रच बंद केलं.

"मिस्टर हुदाक, टेकडीवरच्या शाळेचा तो सोनेरी केसांचा क्वार्टरबॅक, जागचा हलत नाही तो. त्याला कुणी फुंकर मारली तरी रुमाल! माझ्या लेकाला रेषेबाहेर आपटलं, तेव्हा तुमचा रुमाल काय धुवायला टाकला होता?"

"बाई, तो पळत होता. पळणाऱ्याला मार बसणारच."

"पळतो म्हणून त्याची हाडं लोखंडाची झाली का?"

मी मध्ये पडले. "ए व्हेल्मा, हा माणूस कुणाचं वाईट..."

"तू थांब गं रोझॅन. पोरगा माझा आहे."

तिनं हॅम तोललं, पुडीत बांधलं आणि आमच्याकडे न बघता पुढे सरकवलं.

तेव्हापासून एमिलचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ताट पुढ्यात घ्यायचा आणि जुन्या सामन्याची चित्रफीत लावून बसायचा. उठायचा, खिडकीपाशी जायचा, परत यायचा.

"हे बघ. पाय रेषेबाहेर आहे ना?"

"आहे. जेव आता."

"मग मी काय बघत होतो? टेकडीवरच्या पोराला मी असं होऊ दिलं असतं का?"

मला तो प्रश्न ऐकायचाच नव्हता. मी उठून भांडी घासायला घेतली.

मग आला तो शनिवार. जिंकलं तर टेरॉनचा संघ पुढच्या फेरीत, हरलं तर घरी. एमिल मैदानात उतरला आणि मला दिसलं, शिट्टी तोंडात!

शेवटचा डाव. टेरॉनचा संघ पाच गुणांनी मागे. तो चेंडू घेऊन सुटला आणि मध्येच एकदम खाली वाकला. मार चुकवायचा असला की क्वार्टरबॅक पाय पुढे टाकून जमिनीवर घसरतो, मग त्याला हात लावायचा नसतो. एमिलला वाटलं, हा घसरतोय. दोन धिप्पाड पोरं टेरॉनवर झेपावत होती. शिट्टी वाजली.

मेलं! ती नुसती हुलकावणी होती. टेरॉन दोघांच्या मधून निसटला आणि थेट शेवटच्या रेषेपार गेला. एरवी याचे सहा गुण, सामना खिशात. मागे एमिल दोन्ही हात हलवत उभा, डाव मेला म्हणून. नियमाप्रमाणे शिट्टी वाजली तिथून आणखी एक डाव मिळाला, तो अडवला गेला. सामना हातचा गेला.

बाहेर आमच्या गाडीभोवती माणसं शिव्या घालत होती. मी बाह्या सरसावूनच उभी होते. गर्दीतून व्हेल्मा आली, मागून टेरॉन.

"यांच्यावर ओरडू नकोस," ती लेकाला म्हणाली. "मीच सांगितलं होतं, तुला जपा म्हणून."

"शिट्टी वाजवून?" पोराचे डोळे भरले होते. तो एमिलकडे वळला. "सर, आज तर मी उभा होतो. मी पडलो होतो तेव्हा का नाही जपलंत? त्या तीन वेळा रुमाल टाकला असतात ना, तर माझ्या अंगावर यायला पोरं कचरली असती. तुम्हाला आज भ्यायची वेळच आली नसती."

"खरंय," एमिल म्हणाला. "खरंय बाळा, चुकलो मी."

"आता खरंय म्हणून मी काय करू? माझं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं हे."

एमिल माझ्याकडे बघायला लागला, नेहमीसारखं मी काहीतरी बोलेन म्हणून. मी गाडीचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले.