मागच्या महिन्याइतक्याच वेळा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सगळे तिला आत्या म्हणत. मिस्त्री येऊन आपल्या भाषेत सांगत आणि आत्या त्याचा इंग्रजी रिपोर्ट करून देई. बावीस वर्षं हेच काम. तिच्या इंग्रजीला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती. एखाद्या नव्या कारकुनाने नुसतं ‘मोअर ऑफन’ लिहून दिलेला कागद ती परत करी.

‘‘कशापेक्षा? पुढे ‘दॅन’ नको? उरलेलं वाक्य काय शेजाऱ्याने पुरं करायचं?’’

त्या सोमवारी थोरला मिस्त्री इस्पितळाच्या लिफ्टचे आकडे घेऊन आला. ती लिफ्ट मजल्याशी नीट न जुळता वरखाली थांबे.

‘‘अठरा वेळा. मागच्या महिन्यात सतरा. लिहा नेहमीचं.’’

‘‘‘अबाउट अ‍ॅज ऑफन अ‍ॅज लास्ट मंथ’,’’ आत्याची बोटं आपसूक चालली.

‘‘आणि परवा त्या उंचवट्याला स्ट्रेचरचं चाक अडकलं. म्हातारी पेशंट खाली पडली. खुबा मोडला.’’

बोटं थांबली. आत्याने कपाटातल्या जुन्या फायली काढल्या. चार वर्षांपूर्वी महिन्यातून दोनदा. मग तीनदा, मग चारदा. तुलना दर वेळी फक्त आदल्या महिन्याशी, म्हणून दर वेळी ‘जवळजवळ तितक्याच वेळा’. अठ्ठेचाळीस रिपोर्ट, व्याकरणाची एक चूक नाही. 

तिने वाक्य पुसलं आणि नवं लिहिलं: ‘नाइन टाइम्स अ‍ॅज ऑफन अ‍ॅज फोर इयर्स अगो.’

मॅनेजरने तिला आत बोलावलं. ‘‘आत्या, हे गेलं तर मागचे रिपोर्ट कोणी लिहिले, असं विचारतील.’’

‘‘प्रत्येकावर माझी सही आहे.’’

‘‘म्हणूनच सांगतोय. दोन वर्षांत रिटायर व्हाल. कशाला पायावर धोंडा पाडून घेता? ‘लास्ट मंथ’च ठेवा. खोटं थोडंच आहे?’’

‘‘खोटं असतं तर कोणीतरी पकडलं असतं, साहेब.’’

रिपोर्ट तसाच इस्पितळाला गेला. दुपारी त्यांनी ती लिफ्ट वापरायची बंद केली. चार वाजता आत्याच्या टेबलावर कंपनीचं लेखी खुलासा मागणारं पत्र आलं. थोरला मिस्त्री घुटमळत उभा राहिला.

‘‘आकडे मीच आणत होतो. हवं तर माझं नाव घाला.’’

‘‘तुम्ही आकडे बरोबर आणलेत. ते एकाशेजारी एक मांडून बघायचं काम माझं होतं.’’ तिने खुर्ची पुढे ओढली. ‘‘म्हातारी कशी आहे?’’

‘‘उद्या ऑपरेशन. या वयात डॉक्टरही काही नक्की सांगत नाहीत.’’

आत्याने मान हलवली आणि खुलासा टाइप करायला घेतला.